चष्म्याच्या स्क्रूंचा कीबोर्ड

२ फेब्रुवारी, सोमवार

दादाचा कीबोर्ड आज मेला.

दुकानातून आले, तर जिना चढतानाच जाणवलं की काहीतरी बिनसलंय. रोज खालच्या मजल्यापर्यंत त्याची टकटक ऐकू येते. आज नाही. दार उघडलं तर स्वारी टेबलाशी, हात मांडीवर, एका कानात हेडफोन, दुसरा कान माझ्या पावलांकडे.

"अर्ध्या बटणांवर अक्षरच पडत नाही," म्हणाला. "काही ठिकाणी दोन-दोन पडतात. डॉक्टरांनी पेशंटचं वजन सांगितलं आणि माझ्याकडून माणसाचा हत्ती झाला."

हसला, पण तोंड उतरलं होतं. त्याला वाटतं, आपल्याला दिसत नाही म्हणजे आपणही कुणाला दिसत नाही.

जन्मापासून आंधळा माणूस, पण कामात त्याच्याइतकं बिनचूक कुणी नाही, हे हॉस्पिटलवालेच म्हणतात. डॉक्टर पेशंट तपासून झाले की रेकॉर्डरमध्ये बोलतात, दादा ते घरी बसून ऐकतो आणि टाइप करतो, आणि कॉम्प्युटर त्याला लिहिलेलं वाचून दाखवतो. हा कीबोर्ड त्याच्या पहिल्या नोकरीतला. त्या ऑफिसने भंगारात काढला तेव्हा यानं पोटाशी धरून घरी आणला. विटेसारखा जड. बटण दाबलं की टक्‌ वाजतं, आणि वाजलं की अक्षर पडलं हे त्याच्या बोटांना कळतं.

नेमकं आत्ताच मरायचं होतं त्याला! सत्तावीस तारखेला दादाची परीक्षा आहे. "उतरलो तर पुढची चिंता मिटली, भिंगरे," एवढंच तो म्हणाला होता. बाकीचं मी ओळखलं. हॉस्पिटलात माणसं कमी करत असणार, ऐकून आपोआप लिहिणारी मशिनं आलीत, सगळीकडे तेच चाललंय. जो उतरेल तो राहील. कीबोर्ड आपला नेला तरी चालतो म्हणे.

कपाटात एक नवा पडून होता, तो जोडून दिला. पाचच मिनिटांत त्यानं हात काढून घेतले. "चिखलात बोटं घातल्यासारखं वाटतं. अक्षर पडलं का, ते दर वेळी विचारावं लागतं याला."

"मग जुना दे इकडे. मी करते."

"तू चष्मे दुरुस्त करतेस."

"मग? चष्म्याला स्क्रू असतात, यालाही असतील."

सत्तावीसच्या आत हा कीबोर्ड वाजला पाहिजे. नाहीतर नावाची भिंगरी नाही.

३ फेब्रुवारी

उघडला. चार बोल्ट, विहिरीत असावेत तसे खोल. दुकानातला लांब पाना आणला होता म्हणून जमलं. कवच उचललं आणि मोहरी सांडावी तशी काळी बारीक बोंडं टेबलभर सांडली. वाटलं, मीच काहीतरी मोडलं.

दादा कान देऊन बसला होता. "घरंगळलं ते काय?"

"प्लॅस्टिकची बोंडं. ढीगभर."

"मग तू नाही मोडलंस. आधीच तुटलेली असणार. गेलं वर्षभर उचलला की आत खुळखुळत होतं."

"वर्षभर? आणि मला आज सांगतोस?"

"आधी सांगितलं असतं तर आधी उघडला असतास."

कसं चालतं ते लिहून काढते, म्हणजे डोक्यात बसेल. प्रत्येक बटणाखाली एक स्प्रिंग. बटण दाबलं की स्प्रिंग कमरेत वाकते, टक्‌ होतं, आणि तिच्या बुडाशी असलेली नखाएवढी हातोडी खालच्या पातळ प्लॅस्टिकच्या चादरीवर आपटते. त्या चादरीत तारांची नक्षी आहे. हातोडी पडली की अक्षर उमटतं. आणि हा सगळा संसार खालच्या लोखंडी पत्र्याला घट्ट धरून ठेवायचं काम त्या बोंडांचं. बोंडं म्हातारी होऊन तुटली, पत्रा सुटला, हातोड्या हवेतच आपटायला लागल्या. म्हणजे आतलं सगळं धडधाकट आहे, नुसतं धरून ठेवायला कुणी नाही.

तशी बोंडं कुठे मिळत नाहीत. दुसरं काहीतरी हवं. बारीक, लांब, आणि मागून आवळता येईल असं.

५ फेब्रुवारी

सापडलं!

आज दुकानात एक बाई चष्मा घेऊन आल्या, काच सुटलेला. ज्याला चौकट नसते, काचेलाच भोक पाडून दांडी बसवतात, तो. त्याचा स्क्रू चिमट्यात धरला आणि माझा हात तिथल्या तिथे थांबला. काडीहून बारीक, लांबसडक, आणि टोकाला एवढासा नट. अगं बाई, हाच की!

मालक मुलखाचे चौकस. "एवढे स्क्रू? गावाला चष्मे वाटणार आहेस का?" सगळं सांगितलं तर कपाळाला हात लावला. "आंधळ्या भावासाठी चष्म्याचे स्क्रू! धन्य आहेस." आणि मागच्या खणातला जुना साठा माझ्यापुढे ओतला. तसले चष्मे हल्ली फारसं कुणी घालत नाही.

घरी येऊन दादाला सांगितलं तर इतका हसला की हातातला चहा हिंदकळला. मी फडकं आणेपर्यंत त्यानं पुसूनही घेतला होता.

८ फेब्रुवारी, रविवार

दिवसभर भोकं पाडली. तुटक्या बोंडांचे उरलेले बुंधे छाटायचे आणि त्याच जागी हातड्रिलनं भोक. जरा घाई केली की प्लॅस्टिक तडकलंच समजा. मान आखडली, डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण एकही भोक वाकडं गेलं नाही. माझी मीच पाठ थोपटून घेते, दुसरं कोण थोपटणार.

एक स्क्रू हातातून निसटला. मी टॉर्च घेऊन जमिनीवर लोळण घेतली. पलंगाखाली, कपाटाखाली, कुठे म्हणून नाही. स्वयंपाकघरातून दादा म्हणाला, "खुर्चीच्या मागच्या पायाशी बघ. पडला, उडाला, आणि तिथे थांबला." तिथेच होता मेला.

दादाचं आज काहीतरी भलतंच चाललं होतं. म्हणे कपड्यांचं मशीन कसं लावायचं ते शिकव. मी म्हटलं, "मी मेलेय का?" तर म्हणे, "शिकव म्हटलं ना." मग मशीनच्या बटणाला खुणेचा ठिपका चिकटवून घेतला. मग शर्टाचं बटण कसं लावायचं ते. सुई बोटात घुसली तरी सोडेना. एरवी सकाळचा चहा, माझा डबा, इस्त्री, दूध, किराणा एवढंच तो बघतो. बाकी सगळा भार माझ्यावर. माझ्याशिवाय या माणसाचं पान हलत नाही.

१० फेब्रुवारी

नट बसवायची तालीम केली. हे नट षटकोनी आहेत, त्यांना माझा तो मुठीचा पाना लागतो. नोकरीला लागले तेव्हापासूनचा. लाकडी मूठ माझ्याच अंगठ्याला झिजलीय.

दादानं एक नट बोटांत फिरवून बघितला. "हा पाना बाजारात मिळतो?"

"सहजासहजी नाही."

"म्हणजे पुढे सैल झाला तर?"

"तर मी आहे ना!"

त्यानं नट माझ्या तळहातावर परत ठेवला. साठ्यात साध्या खाचेचे स्क्रूही होते, सुरीच्या टोकानंसुद्धा फिरतील असे. पण षटकोनी नट जास्त घट्ट बसतात. म्हणून तेच घेतले.

१२ फेब्रुवारी

शेजारच्या वहिनी जिन्यात भेटल्या. "तुमचे दादा हल्ली खुशीत दिसतात. नवा शर्ट घेतला ना?"

"परीक्षेसाठी घेतलाय," मी म्हटलं.

"हो का," असं म्हणून माझ्याकडे अशा बघत राहिल्या की घरी येऊन मी आरशात तोंड पाहिलं. काही लागलेलं नव्हतं.

दादा फोनवरच होता. मुख्य हॉस्पिटलातल्या रेकॉर्डवाल्या बाई. ते हॉस्पिटल दुसऱ्या शहरात आहे. चार वर्षं झाली, रेकॉर्डिंग त्याच पाठवतात. हल्ली रोज बोलणं असतं. परीक्षेचं विचारत असेल बिचारा. पण परीक्षेचं बोलताना माणूस एवढा हसतो कशाला?

रात्री जेवताना लख्ख उजेड पडला. मशीन शिकतोय, बटण लावतोय. मागच्या महिन्यात मला दुकानात घेरी आली होती, रक्तदाबाच्या गोळ्या लागल्या. हा घाबरलाय! माझ्या मागे आपलं कसं होणार म्हणून आत्तापासून धडे गिरवतोय. माझे डोळेच भरून आले.

"हे बघ," मी म्हटलं, "मी इतक्यात कुठे जात नाही."

तो एकदम दचकला. "कोण म्हणालं कुठे जायचं?"

"काही नाही. जेव."

१५ फेब्रुवारी, रविवार

आज जोडणी. सांगाडा पालथा घालायचा, स्प्रिंगा खाली लोंबतात, प्रत्येकीची हातोडी आपापल्या घरात बसलेली हवी. त्यावर चादर, चादरीवर पत्रा, आणि मग स्क्रू. पहिल्यांदा पत्रा ठेवताना माझं कोपर लागलं आणि निम्म्या हातोड्या ढासळल्या. मी अशी काही शिवी घातली की दादा म्हणाला, "ही मी टाइप करू का?"

दुसऱ्यांदा सगळं बसलं. नट आवळले, उलटा केला, दादापुढे ठेवला. त्यानं उघड्या स्प्रिंगांवरून एकेक बोट दाबत नेलं. टक्‌, टक्‌, टक्‌. "ही नाही. ही आडवी पडलीय." माझ्या कानाला काही फरक कळला नाही. पण तो म्हणाला म्हणजे आहेच. सगळे नट काढले, पुन्हा उघडला. एक हातोडी खरंच कलंडलेली. तिला सरळ केलं, पुन्हा सगळे नट. बोटांची सालं निघाली.

तिसऱ्यांदा तो न थांबता शेवटपर्यंत गेला. नुसता टेबलावर हात पसरून बसला. मग म्हणाला, "भिंगरे, तू ग्रेट आहेस." असं तो कधी म्हणत नाही. मी केर काढायला घेतला.

१८ फेब्रुवारी

आता फक्त बटणांच्या टोप्या राहिल्यात. जोडणीआधी काढून ठेवलेल्या त्या सगळ्या कोमट साबणपाण्यात टाकल्या. बापरे, काय ते पाणी झालं! वर्षानुवर्षांचं बोटांचं तेल. काही टोप्यांच्या कडा चिरलेल्या, काहींवर दात पडलेले. ओरखडा दिसला की माझे हात शिवशिवतात. उद्या सगळ्या दुकानात नेते. काचेच्या कडा घासायचं मशीन आहे, पॉलिशचा कापडी बफ आहे. नव्या नवरीसारख्या करून आणते.

१९ फेब्रुवारी

हे मी काय करून बसले.

टोप्या अशा झळकत होत्या की मालकही म्हणाले, विकायला ठेव. घरी आणून एकेक बसवली. "ये रे, बघ," म्हटलं. दादा नवा शर्ट घालणाऱ्या मुलासारखा येऊन बसला. अक्षरं सुरू केली, पाऊस पडावा तशी टकटक. मी दारात उभी, छाती फुगवून. मग त्याचं बोट वरच्या ओळीत गेलं आणि थांबलं. मागे आलं. पुन्हा गेलं. चाचपडलं. दादाचं बोट चाचपडताना मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

"कडेच्या खुणा कुठे गेल्या?"

"कसल्या खुणा? चिरा होत्या त्या. मी घासून काढल्या."

त्यानं हात मांडीवर घेतले. मग सावकाश सांगितलं. अक्षरं दिवसभर तीच, ती पाठ असतात. आकडे वरच्या ओळीत, बोट लांब न्यावं लागतं, आणि तिथेच घसरतं. पाचाच्या जागी सहा पडला तर डॉक्टरांनी सांगितलेला डोस बदलतो. म्हणून पहिल्या नोकरीत असतानाच तापलेल्या सुईनं त्यानं आकड्यांच्या कडांवर खुणा केल्या होत्या. माझ्या डोळ्यांदेखत एवढी वर्षं तो कीबोर्ड घरात होता. पण त्याच्या वस्तूंना हात लावायचा नाही, हा आमच्या घरचा लहानपणापासूनचा नियम.

"ओरडत का नाहीस?" मी म्हटलं.

"ओरडून खुणा उगवणार आहेत का?"

परीक्षा तोंडावर. मला रडू आलं आणि स्वतःचा असा संताप आला की बफचं मशीन खिडकीतून फेकून द्यावं. पण रडत बसून भागणार नाही. ज्या घासल्या त्या पुन्हा करता येतील. येतीलच.

२१ फेब्रुवारी, शनिवार

केल्या.

मी म्हटलं, मी करते, माझा हात बारीक कामाचा आहे. दादा म्हणाला, "नको. खूण कुठे लागते ते माझ्या बोटाला माहीत." मग असं ठरलं की मी सुई तापवून त्याच्या हातात द्यायची, टोपी चिमट्यात घट्ट धरायची आणि कुठला आकडा ते सांगायचं. तो डाव्या बोटानं कड चाचपायचा, उजव्या हातानं सुई टेकवायचा. प्लॅस्टिक जळल्याचा वास घरभर. पाचाला एक चीर, आठाला दोन, शून्याला कडेला दात. मला एकदा चटका बसला, त्याला दोनदा. तोंडातून ब्र निघाला नाही कुणाच्या.

मग मी डोळे मिटून करून पाहिलं. पाच शोधायला गेले आणि तीनवर पडले. पुन्हा गेले तर भलतंच कुठलं तरी बटण, आणि कॉम्प्युटर बंद व्हायच्या मार्गाला लागला. दादा पोट धरून हसला. "तुझ्या हातून पेशंट वाचायचा नाही!"

मग तो बसला, कानात हेडफोन घालून. संध्याकाळभर टकटक चालू होती. मी काही काम नसताना त्याच खोलीत बसून राहिले. गेल्या कित्येक दिवसांत मला एवढी भूक लागली नव्हती.

२२ फेब्रुवारी, रविवार

सकाळी दादा म्हणाला, "याला एक पेटी करशील? आत फोम घालून. प्रवासात धक्के बसतील."

"हॉस्पिटल दोन चौक पलीकडे आहे. पेटी कशाला?"

"परीक्षा इथे नाही, भिंगरे. मुख्य हॉस्पिटलात आहे. तिथली कायमची जागा आहे."

मी हातातलं भांडं ओट्यावर ठेवलं.

"आणि रेकॉर्डवाल्या बाई," तो म्हणाला, "आम्ही लग्न करायचं ठरवलंय. तिकडेच राहायचं."

चोपन्न वर्षांचा हा बाप्या. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या त्याच्या.

"मला कधी सांगणार होतास? पेटीचं झाकण लावल्यावर?"

"उतरलो की सांगणार होतो. नाही उतरलो तर सांगायला काही उरत नव्हतं. आणि मी लपवलं कुठे? फोन तुझ्यासमोरच करायचो. मला वाटलं, तुला कळलं असेल."

शेजारच्या वहिनींना कळलं. मालकांनाही कळलं असेल. मशीनला, शर्टाला, बटणांना, सगळ्या जगाला कळलं. मी आपली मूर्खासारखी याच्यासाठी भोकं पाडत बसले, की हा नीट निघून जावा!

२३ फेब्रुवारी

त्याच्या हातचा चहा घेतला नाही. स्वतः केला. पाणचट झाला. गोळी घ्यायची राहिली, कारण ती रोज बशीत ठेवलेली असते. कोण ठेवतं, हा प्रश्न मला पन्नाशीत पडला.

दादा बाजारात गेला होता. कीबोर्ड टेबलावर. खरं काय ते लिहिते. मी कीबोर्ड उघडला आणि मधल्या एका नटावर पाना ठेवला. दोन फेरे सैल केला असता तर आज कळलं नसतं. तिकडे, परीक्षेच्या खोलीत कळलं असतं. तो न उतरता परत आला असता, मी त्याला जेवायला वाढलं असतं, म्हटलं असतं, जाऊ दे रे.

नटावरून पाना काढला. कवच पुन्हा लावलं. त्यात मोठेपणा काही नाही. माझ्या हातून सैल काम होत नाही, एवढंच. आणि तो आकडे टाइप करतो.

पण बोलले नाहीच.

२४ फेब्रुवारी

आज फुटलं. मी म्हटलं, "तुझ्यासाठी मी लग्न केलं नाही."

"मी कधी म्हणालो, थांब?"

"म्हणायला कशाला हवं? तुला टाकून कशी गेले असते?"

"दोन स्थळं तू नाकारलीस. एकाचे कान मोठे म्हणून आणि दुसरा जेवताना आवाज करतो म्हणून. माझं नाव कशाला घालतेस त्यात?"

एवढ्या रागातही मला हसू फुटलं, कारण ते कान खरोखरच सुपाएवढे होते. आणि हसता हसता रडूच कोसळलं. दादा चाचपत माझ्या शेजारी येऊन बसला. म्हणाला, "तू एकटी पडशील हे मला कळतं गं. रोज तोच विचार करतो. पण तेवढ्यासाठी मी राहिलो, तर तुझ्यावर चिडचिड करत राहीन. तुला चालेल?"

चालेल, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. "नाही," म्हणाले. मला एकटं राहायची भीती वाटते. ही गोष्ट मी त्याला सांगितली नाही, इथे लिहिते. तो आंधळा म्हणून मी इथे आहे, असं म्हणत आले जन्मभर.

२५ फेब्रुवारी

पेटी झाली. दुकानातल्या चष्म्याच्या डब्यांचा मखमली कपडा आत लावला.

मग दादाला बसवलं आणि माझा पाना त्याच्या हातात दिला. "हे शिकून घे. परीक्षेच्या खोलीत काही सैल झालं तर मी नसेन तिथे."

त्यानं मुठीवर अंगठा फिरवला, झिजलेली खोबण सापडली. "हा तुझा आहे."

"दुकानात दुसरा आहे." नाहीये. मालकांना मागवायला सांगेन.

कवच कसं काढायचं, बोल्ट कुठे, नटावर पाना कसा उभा धरायचा, सगळं करून घेतलं. "घट्ट लागला की थांबायचं. अर्धा फेरा जास्त गेलास तर प्लॅस्टिक तडकेल." पहिल्यांदा पाना घसरला, दुसऱ्यांदाही. मी पुन्हा करायला लावलं. चिडला, तरी लावलं. जेवणाची वेळ होईपर्यंत एकट्यानं सगळा खोलून सगळा जोडला. माझ्यापेक्षा हळू, पण माझ्यापेक्षा नीट.

आता तो नीट करायलाही माझी गरज उरली नाही. हे मी माझ्या हातानं केलं, आणि उद्या कुणी म्हणालं तर पुन्हा करीन.

२७ फेब्रुवारी

पहाटेच्या गाडीनं गेला. नवा शर्ट, बटण त्यानंच लावलेलं, जरा वाकडं. सरळ करू का म्हटलं तर म्हणाला, राहू दे. मी स्टेशनपर्यंत गेले. डब्यात बसल्यावर त्यानं पेटी मांडीवर घेतली.

दिवसभर दुकानात एकही काम धड झालं नाही. एका गृहस्थाच्या चष्म्याला दोन्ही डाव्याच दांड्या लावल्या.

संध्याकाळी फोन. "सगळे आकडे बरोबर आले," एवढंच म्हणाला. मागे कुणीतरी बाई बोलत होत्या. आवाज बरा आहे.

९ मार्च

उतरला. पहिला आला. परीक्षेहून तो दुसऱ्याच दिवशी परतला होता, निकाल आज कळला. मी पेढे आणायला धावले, तर पाठीमागून ओरडला, "चप्पल तरी घाल!" खरंच अनवाणी होते. त्याला पावलांवरून कळलं.

२९ मार्च

गेला. लग्न तिकडेच झालं, चार साक्षीदारांसमोर, त्यातली एक मी. नव्या वहिनी ठेंगण्या आहेत, बोलता बोलता टाळी मागतात. मला म्हणाल्या, "तुमच्याबद्दल एवढं ऐकलंय की मला तुमची भीतीच वाटत होती." मी म्हटलं, वाटू दे, बरं असतं.

परत आले. जिना चढले. आवाज नाही.

४ एप्रिल

सकाळचा चहा आता जमतो. गोळी बशीत आदल्या रात्रीच काढून ठेवते. इस्त्री जमत नाही, तशीच जाते.

१९ एप्रिल, रविवार

फोन आला. मी म्हटलं, बोलू नकोस, आधी टाइप करून ऐकव. त्यानं फोन टेबलावर ठेवला असावा. टकटक सुरू झाली. मी खुर्चीत बसले, डोळे मिटले. अगदी आपल्या जिन्यातून ऐकू यायची तशी. आणि मग ऐकू आलं.

"थांब. डावीकडे वरच्या कोपऱ्यात खुळखुळतंय."

"तुला कळलं?"

"बहिरी नाहीये मी. नट सैल झालाय. पाना घे आणि आवळ आत्ताच्या आत्ता."

"तो मीच सैल केलाय."

"काय?"

"अक्षरं सगळी पडतायत, घाबरू नकोस. कोपऱ्यातला आहे, त्यानं काही बिघडत नाही. पण म्हटलं, नुसतं ये म्हटलं तर तू काही येणार नाहीस. शंभर सबबी सांगशील. सैल नट मात्र तुझ्यानं बघवणार नाही."

मागून वहिनींचं हसणं ऐकू आलं. म्हणजे दोघांचा कट!

"लबाड कुठला," मी म्हटलं. आणि फोनच ठेवून दिला.

ही काय रीत झाली? पेशंटचे आकडे टाइप करायचे आणि नट सैल! येत्या रविवारच्या गाडीचं तिकीट काढलं. मालकांनी मागवलेला नवा पाना कालच आलाय, पण तो नेत नाही. माझा तिथे आहे.